फलश्रुती मुखपृष्ठावर

अँड्र्यू कार्नेगी यांच्या न्यूयॉर्कमधल्या हवेलीत १९०८ साली एक चोवीस-पंचवीस वर्षांचा वार्ताहर मुलाखत घ्यायला गेला. पोलादाच्या धंद्यातून अफाट पैसा करून निवृत्त झालेल्या या म्हाताऱ्याला तो पोरगा इतका आवडला की त्यानं त्याला तीन दिवस ठेवून घेतलं आणि जाताना एक काम देऊ केलं. देशातल्या पाचशे यशस्वी माणसांना भेटायचं आणि त्यांच्या श्रीमंतीचं शास्त्र लिहून काढायचं. मुदत वीस वर्षं, पगार शून्य. विचार करायला साठ सेकंद. कार्नेगींनी टेबलाआड घड्याळ धरलं होतं म्हणे. पोरानं एकोणतिसाव्या सेकंदाला होकार दिला.

हा पोरगा म्हणजे नेपोलियन हिल. ‘थिंक अँड ग्रो रिच’चा हा लेखक ही गोष्ट आयुष्यभर सांगत राहिला आणि त्या पुस्तकाचा सगळा डोलारा या भेटीवर उभा आहे. कार्नेगींचं जाडजूड चरित्र लिहिणारे इतिहासकार डेव्हिड नासॉ यांना मात्र ही दोन माणसं कधी भेटल्याचा कसलाही पुरावा मिळाला नाही. हिल यांनी आपलं पहिलं मोठं पुस्तक काढलं १९२८ साली. कार्नेगी वारले १९१९ साली. खरंखोटं विचारायला जायचं कुणाकडे?

श्रीमंत कसं व्हावं हे शिकवणाऱ्या पुस्तकांचा इतिहास शोधायला निघालं की असं वारंवार होतं. गुरूचा माग काढत जावं तर वाटेत विक्रेता भेटतो. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. विक्री हाच या पुस्तकांचा मूळ धंदा आहे, आणि तो ध्यानात ठेवला की अडीचशे वर्षांत त्यांचा उपदेश हातावरून डोक्यावर आणि डोक्यावरून कागदपत्रांवर कसा सरकत गेला हे नीट दिसतं.

सुरुवात बरीच साधी होती. बेंजामिन फ्रँकलिन फिलाडेल्फियात छापखाना चालवत आणि १७३२ पासून ‘पुअर रिचर्ड’ नावाचं पंचांग काढत. तारखा आणि हवामान यांच्यामध्ये उरलेल्या मोकळ्या जागा भरायला ते कष्टाची आणि काटकसरीची वचनं टाकत. पुढे १७५८ सालच्या पंचांगासाठी त्यांनी यांतली बरीचशी वचनं एका म्हाताऱ्याच्या भाषणात ओवली. लिलाव सुरू व्हायची वाट पाहत ताटकळलेल्या गर्दीला हा म्हातारा आळस, उधळपट्टी आणि कर्ज यांवर चार शब्द सुनावतो. लोक माना डोलावतात, अगदी पटलं म्हणतात, आणि लिलाव सुरू होताच नेमकं उलट वागून सपाटून खरेदी करतात. ‘द वे टू वेल्थ’ या नावानं ते भाषण पुढे असंख्य वेळा छापलं गेलं. आपल्या वाचकाकडे इतक्या मिश्कीलपणे बघणं फ्रँकलिननंतर या प्रकारात फारसं कुणाला जमलेलं नाही.

मग आले सॅम्युअल स्माइल्स. हे स्कॉटलंडमधल्या हॅडिंग्टनचे, शिक्षणानं डॉक्टर, पेशानं पत्रकार. लीड्समध्ये राहत असताना १८४५ साली काही तरुण कामगारांनी त्यांना भाषणाला बोलावलं. ही पोरं आपापसांत वर्गणी काढून रात्रीचा वर्ग चालवत आणि एकमेकांना लिहायला-वाचायला शिकवत. त्या भाषणांचं पुस्तक एका प्रकाशकानं परत पाठवलं. शेवटी १८५९ साली लंडनच्या जॉन मरे यांनी ते काढलं. याच मरेंनी त्याच वर्षी डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ही काढला. ‘सेल्फ-हेल्प’च्या पहिल्याच वर्षी वीस हजार प्रती खपल्या, आणि १९०४ साली स्माइल्स वारले तोवर हा आकडा अडीच लाखांवर गेला होता.

आज ‘सेल्फ-हेल्प’ उघडणाऱ्याला जरा चुकल्यासारखं होतं, कारण त्यात श्रीमंत होण्याची युक्तीच नाही. कुंभार, विणकर, न्हावी, खाणकामगार यांच्या चिवटपणाच्या गोष्टी आहेत. बर्नार्ड पालिसी हा फ्रेंच कुंभार भांड्यांवरच्या पांढऱ्या झिलईचा शोध लावता लावता कफल्लक होतो आणि भट्टी विझू नये म्हणून घरातली टेबलं-खुर्च्या मोडून जाळतो, हा त्यातला गाजलेला प्रसंग. पैशावर एक प्रकरण आहे, पण त्यात पैशावरून माणसाची किंमत करू नका असंच बजावलंय. स्माइल्सचा माणूस हातानं काम करतो. त्याच्या मनात काय चाललंय याची स्माइल्सना फारशी पर्वा नाही. तो पहाटे उठतो की नाही, एवढं त्यांना पुरतं.

हे पुस्तक कुठं कुठं पोचलं हे पाहण्यासारखं आहे. जपानमध्ये नाकामुरा मासानाओ यांनी १८७१ साली त्याचा अनुवाद केला. सरंजामशाही नुकती कोसळली होती, सामुराईंच्या पोरांना आता पोटापाण्याचं काय करायचं हा प्रश्न होता, आणि मेइजी काळात या अनुवादाच्या दहा लाख प्रती खपल्या असं सांगितलं जातं. जपानी यंत्रमागाचे जनक साकिची टोयोडा याच पुस्तकावर वाढले. पुढे त्यांच्या मुलानं मोटारी बनवायला घेतल्या. टोयोडांच्या जन्मगावच्या स्मारकात ‘सेल्फ-हेल्प’ची प्रत आजही जपून ठेवलेली आहे.

आपल्याकडे ‘सेल्फ-हेल्प’च्या आधी दहा वर्षं, १८४९ साली, लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिलं होतं. नाव ऐकून आजचा वाचक ते भलत्याच अपेक्षेनं हातात घेईल. ते अर्थशास्त्राचं पुस्तक आहे. त्याच सुमारास ‘प्रभाकर’मध्ये त्यांची शतपत्रंही येत होती आणि आळसाबद्दल, धंद्याच्या तिटकाऱ्याबद्दल ते स्वजनांना सडकून झोडपत होते. पण त्यांना पडलेला प्रश्न देश गरीब का झाला हा होता. अमुक एक माणूस गरीब का राहिला आणि त्यानं आरशापुढे उभं राहून काय म्हणावं, हा प्रश्न त्या काळच्या मराठी लेखकाला सुचला नसता. तो अमेरिकेत जन्मला, आणि तोही एका घड्याळजीच्या दुकानात.

फिनियास क्विम्बी हे मेन राज्यातले घड्याळजी. बरेचसे आजार हे चुकीच्या समजुतींमुळे होतात आणि समजूत बदलली की आजार जातो, अशा मताला येऊन त्यांनी लोकांवर उपचार सुरू केले. ते १८६६ साली वारले. शिष्य-प्रशिष्यांनी त्यांच्या शिकवणुकीचा पंथ केला, त्याला ‘न्यू थॉट’ नाव पडलं. सुरुवातीला सगळा भर तब्येतीवर होता. डोकेदुखी विचारानं जात असेल तर कर्ज का जाणार नाही, हा पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच होतं. तो १८९०च्या दशकात विचारला गेला. १८९३च्या मंदीत बँका आणि रेल्वे कंपन्या धडाधड बुडाल्या होत्या. शहरांत कारकून, विमा एजंट, फिरते विक्रेते यांचा नवा वर्ग तयार झाला होता. पालिसीसारखी भट्टी पेटवून या लोकांच्या हाती काहीच लागणार नव्हतं. त्यांच्याकडे भांडवल म्हणून होता तो त्यांचा स्वभाव, बोलणं आणि हसरा चेहरा. उपदेश हातावरून डोक्यात गेला तो या माणसांसाठी.

हा सांधा एकाच माणसाच्या आयुष्यात बघायचा तर ऑरिसन स्वेट मार्डेन. न्यू हॅम्पशायरमधलं हे अनाथ पोर, लोकांकडे राबून वाढलेलं. त्याला एका माळ्यावर ‘सेल्फ-हेल्प’ सापडलं आणि अमेरिकेचा स्माइल्स व्हायचं त्यानं ठरवलं. पुढे मार्डेन शिकले, हॉटेलांचे मालक झाले, मंदीत बुडाले. नेब्रास्कातल्या कर्नी इथल्या हॉटेलला आग लागली तेव्हा वर्षानुवर्षं खपून लिहिलेलं हस्तलिखितही जळून गेलं. त्यांनी ते पुन्हा लिहिलं आणि १८९४ साली ‘पुशिंग टू द फ्रंट’ निघालं. यात सगळा स्माइल्सच आहे : चिकाटी, चारित्र्य, पहाट. पण नंतरची त्यांची पुस्तकं वाचत गेलं की कष्ट मागे पडतात आणि समृद्धीचा विचार मनात धरण्याचं महत्त्व वाढत जातं. त्यांनी १८९७ साली काढलेल्या मासिकाचं नाव होतं ‘सक्सेस’.

याच काळात भारताचं नावही या बाजारात फिरू लागलं. विवेकानंद १८९३ साली शिकागोला बोलले आणि अमेरिकेत वेदान्ताची हवा झाली. ‘न्यू थॉट’ पंथाच्या लेखकांनी ती बरोबर हेरली. विल्यम वॉकर ॲटकिन्सन हे पेशानं वकील, शिकागोत राहून लिहीत. ‘लॉ ऑफ ॲट्रॅक्शन’ हे शब्द शीर्षकात मिरवणारं त्यांचं पुस्तक १९०६ साली निघालं. हेच ॲटकिन्सन ‘योगी रामचरक’ या नावानंही लिहीत, आणि श्वास, हठयोग, राजयोग यांवरची या योग्याची पुस्तकं तडाखेबंद खपली. गंमत म्हणजे पुढे मुंबईच्या तारापोरवाला प्रकाशनानं त्यांच्या भारतीय आवृत्त्या काढल्या आणि शिकागोच्या वकिलानं सांगितलेला प्राणायाम मुंबईकर इंग्रजीत वाचू लागले.

रसेल कॉनवेल या फिलाडेल्फियाच्या पाद्र्यानं तर अख्खं आयुष्य एका भाषणावर काढलं. ‘एकर्स ऑफ डायमंड्स’ हे भाषण त्यांनी पाच-सहा हजार वेळा दिल्याचं सांगतात. गोष्ट अशी, की सिंधू नदीजवळ राहणारा अली हाफेद नावाचा शेतकरी हिऱ्यांच्या नादानं शेत विकतो, देशोदेशी भटकतो आणि शेवटी समुद्रात जीव देतो. इकडे त्यानं विकलेल्या शेतातच हिरे सापडतात, आणि ती असते गोवळकोंड्याची खाण. सिंधू कुठं आणि गोवळकोंडा कुठं! पण फिलाडेल्फियात नकाशा कोण उघडतोय? प्रामाणिकपणे श्रीमंत होणं हे तुमचं कर्तव्यच आहे, असं कॉनवेल व्यासपीठावरून ठणकावून सांगत. त्यांच्या भाषणांचा पैसा मात्र गरीब विद्यार्थ्यांकडे जाई. आजचं टेंपल विद्यापीठ त्यांनीच काढलेल्या रात्रीच्या वर्गांतून उभं राहिलं आहे.

या सगळ्यांत सर्वांत विलक्षण माणूस वॉलेस वॉटल्स. इंडियानातला हा माणूस ख्रिस्ती समाजवादी होता आणि १९०८ साली समाजवादी पक्षातर्फे अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुकीला उभा राहून पडला होता. त्यानं १९१० साली ‘द सायन्स ऑफ गेटिंग रिच’ लिहिलं. हे बारीकसं पुस्तक मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योकच्या एलिझाबेथ टाऊन या बाईंनी छापलं. सारं विश्व एका मूळ द्रव्यापासून झालंय आणि त्या द्रव्यावर ठराविक पद्धतीनं विचार उमटवला की हवी ती वस्तू निर्माण होते, हा त्याचा सिद्धान्त. हे एकतत्त्व हिंदूंकडून आलेलं आहे, अशी कबुली वॉटल्स प्रस्तावनेतच देतो. शंकराचार्यांना मात्र ब्रह्म सत्य आहे म्हणून बँकेत शिल्लक वाढवावी असं कधी वाटलं नव्हतं.

तरी वॉटल्सला हसण्यावारी नेऊ नये. स्पर्धा करून दुसऱ्याच्या ताटातलं ओढायचं नाही, नवं निर्माण करायचं आणि ज्याच्याकडून पैसे घेतो त्याला त्याहून जास्त मोलाचं द्यायचं, हे तो पुन्हापुन्हा सांगतो. सगळ्यांना पुरून उरेल इतकं जगात आहे, हा त्याचा विश्वास मुळात समाजवाद्याचा आहे. फक्त क्रांतीची वाट बघून थकल्यावर त्यानं ती एकेका वाचकाच्या डोक्यात करायला घेतली. पुस्तक आल्यावर काही महिन्यांत, १९११ साली, तो वारला.

आपल्याकडे पोथीच्या शेवटी फलश्रुती असते : हा अध्याय वाचणाऱ्याला धन मिळेल, निपुत्रिकाला पुत्र होईल. या नव्या पुस्तकांनी फलश्रुती शेवटून उचलली आणि थेट मुखपृष्ठावर आणून ठेवली. यात खरा कसबी निघाला नेपोलियन हिल.

हिल यांचा जन्म १८८३चा, व्हर्जिनियातल्या डोंगराळ वाइज काउंटीतला. एका खोलीचं लाकडी घर. आई लहानपणीच गेली. सावत्र आईनं पोराच्या हातातली बंदूक काढून टाइपरायटर दिला असं सांगतात. ज्या १९०८ साली कार्नेगींची ती मुलाखत झाली म्हणतात, त्याच साली हिल अलाबामातल्या मोबील इथल्या एका लाकडाच्या कंपनीत भागीदार होते. उधारीवर माल उचलायचा आणि रोखीत स्वस्तात विकायचा, असे आरोप तेव्हाच्या वर्तमानपत्रांत झाले आणि कंपनी बुडाली. मग वॉशिंग्टनला मोटारी शिकवण्याचं कॉलेज काढलं, तेही गुंडाळलं. शिकागोत जाहिरातकला शिकवणारी संस्था काढली. तिचे शेअर विकण्याच्या प्रकरणात १९१८ साली इलिनॉय राज्यात अटकेचं वॉरंट निघालं. पुढच्याच वर्षी त्यांनी मासिक काढलं, ‘हिल्स गोल्डन रूल’. सोनेरी नियम म्हणजे दुसऱ्यानं आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण त्याच्याशी वागावं. विनोद त्यांना कळत होता की नाही, कोण जाणे.

पैसा आला तो १९२८ साली, ‘द लॉ ऑफ सक्सेस’ या अनेक खंडांच्या पुस्तकानं. रोल्स-रॉइस गाडी आली, कॅट्सकिल डोंगरात मोठी जागा आली. पुढच्या वर्षी शेअर बाजार कोसळला आणि दोन्ही गेलं. १९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार होता. त्या वर्षांत लोक हिल यांचं ऐकायला का येत असतील याचं नवल वाटायला नको. कारखाना बंद पडला, बँक बुडाली, शेत लिलावात गेलं, यांतलं काहीच आपल्या हातात नसतं. मनातला विचार तेवढा आपला असतो, तो गेलेला नसतो. बुडत्याला हा आधार बराच मोठा होता. त्याची दुसरी बाजू अशी, की तरीही पैसा आला नाही तर दोषही त्या विचाराचाच ठरतो.

‘थिंक अँड ग्रो रिच’ १९३७ साली निघालं. प्रकाशकाच्या मनात एक चावट, यमक जुळवलेलं नाव होतं आणि हिलना ऐन वेळी हे दुसरं सुचलं, अशी आख्यायिका आहे. हस्तलिखित घासूनपुसून देण्यात त्यांची नवी बायको रोझा ली बीलँड हिचा हात मोठा. पुस्तकातला विधी अगदी नेमका आहे. किती पैसे हवेत तो आकडा ठरवायचा, त्या बदल्यात काय देणार ते ठरवायचं, तारीख ठरवायची, योजना आखायची, सगळं कागदावर लिहायचं आणि रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना मोठ्यानं वाचायचं. त्यात कामेच्छेचं रूपांतर कर्तृत्वात कसं करावं यावरही एक प्रकरण आहे. दारिद्र्याची, टीकेची, आजारपणाची, प्रेम गमावण्याची, म्हातारपणाची आणि मरणाची अशा सहा भीतींची भुतंही आहेत. आणि एक अदृश्य मंत्रिमंडळ आहे. रात्री डोळे मिटून हिल लिंकन, डार्विन, एडिसन, इमर्सन, नेपोलियन, फोर्ड, कार्नेगी अशा नऊ जणांची बैठक बोलावत आणि त्यांचा सल्ला घेत. पुढे पुढे ही मंडळी आपापल्या स्वभावानं वागू लागली, भांडू लागली, तेव्हा घाबरून आपण काही महिने बैठका बंद ठेवल्या, असं त्यांनीच लिहिलंय. माझ्या मते त्या पुस्तकातली सर्वांत खरी पानं हीच.

पुस्तक धो धो खपलं. काही वर्षांत घटस्फोट झाला आणि कमाईचा मोठा वाटा रोझा लीकडे गेला. तिचं स्वतःचं पुस्तकही दरम्यान आलं होतं. पुरुष आणि पैसा कसे आकर्षित करावेत, हा त्याचा विषय.

त्याच पिढीतले आणखी दोघं. डेल यांनी आपल्या ‘कार्नेगे’ आडनावाचं स्पेलिंग बदलून पोलादवाल्या कार्नेगींसारखं करून घेतलं, नातं काही नव्हतं. १९१२ पासून ते न्यूयॉर्कच्या वायएमसीएत भाषणकला शिकवत आणि १९३६ साली त्यांचं ‘हाऊ टू विन फ्रेंड्स’ आलं. दुसरे जॉर्ज क्लेसन, डेन्व्हरमध्ये नकाशे छापणारे. बॅबिलोनच्या व्यापाऱ्यांच्या गोष्टींतून बचत शिकवणाऱ्या छोट्या पुस्तिका ते १९२६ पासून काढू लागले. मिळकतीतला दहावा हिस्सा आधी स्वतःसाठी बाजूला ठेवा, हा त्यांचा गाभा. बँका आणि विमा कंपन्यांनी त्या गठ्ठ्यांनी घेतल्या आणि गिऱ्हाइकांना फुकट वाटल्या. ‘द रिचेस्ट मॅन इन बॅबिलोन’ हा त्यांचाच संग्रह. या साऱ्या परंपरेतला हा एकच सल्ला असा, की तो ऐकून कुणाचं वाटोळं झालेलं ऐकिवात नाही. क्लेसन यांची नकाशा कंपनी मात्र मंदीत बुडाली.

युद्धानंतर हा धंदा विमा एजंटांच्या हातात गेला. शिकागोत विम्याचं साम्राज्य उभं करणारे क्लेमंट स्टोन हे हिल यांचे भक्त. आपल्या विक्रेत्यांना ते ‘थिंक अँड ग्रो रिच’ वाचायला लावत. १९५२ साली त्यांनी हिलना निवृत्तीतून बाहेर काढलं आणि १९६० साली दोघांनी मिळून ‘पॉझिटिव्ह मेंटल ॲटिट्यूड’वर पुस्तक लिहिलं. अर्ल नाइटिंगेल हे पर्ल हार्बरच्या हल्ल्यात ‘ॲरिझोना’ युद्धनौकेवरून बचावलेले. त्यांनी १९५६ साली आपल्या विमा विक्रेत्यांसाठी एक भाषण रेकॉर्ड केलं, ‘द स्ट्रेंजेस्ट सीक्रेट’. नुसत्या बोलण्याच्या या तबकडीच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. दारोदार हिंडून दिवसाला वीस नकार ऐकणाऱ्या माणसाला संध्याकाळी पुन्हा उभं करणारं काहीतरी लागतंच. त्याच्यासाठी ही पुस्तकं अवजारं होती, जशी सुताराला रंधा. तिथं ती कामाला येत, यात शंका नाही. प्रश्न उभा राहतो तो विकायला पुस्तकाखेरीज दुसरं काही उरत नाही तेव्हा.

ॲमवे १९५९ साली मिशिगनमध्ये सुरू झाली. साबणाबरोबर वितरकांची साखळी वाढली आणि साखळीतल्या वरच्या लोकांनी खालच्यांना पुस्तकं, कॅसेट, मेळाव्याची तिकिटं विकायचा स्वतंत्र व्यवसाय उभा केला. रॉबर्ट कियोसाकी आणि शॅरन लेक्टर यांनी १९९७ साली ‘रिच डॅड पुअर डॅड’ स्वतःच छापलं. प्रकाशक मिळत नव्हता. ॲमवेच्या वितरकांनी ते उचलून धरलं, मग ओप्रा विन्फ्रे यांच्या कार्यक्रमात बोलावणं आलं. इथे उपदेश दुसऱ्यांदा सरकला, डोक्यावरून कागदपत्रांवर : नोकरी करू नका, मालमत्ता घ्या, तिचं भाडं खा. सरकारी शिक्षण खात्यातला आपला उच्चशिक्षित बाप ‘गरीब’ आणि मित्राचा धंदेवाईक बाप ‘श्रीमंत’ ही मांडणी हवाईतली, पण पगारदार मराठी घरांनाही ती अंगाला लागली. श्रीमंत बाप खरंच होता का, असं एका अमेरिकन मासिकानं २००३ साली विचारलं तेव्हा कियोसाकींनी हॅरी पॉटरचा दाखला देऊन, श्रीमंत बापालाही तशीच दंतकथा राहू द्या, असं उत्तर दिलं. त्यांच्या एका कंपनीनं २०१२ साली दिवाळखोरी जाहीर केली. त्यांचे मेळावे भरवणाऱ्या लर्निंग ॲनेक्स या संस्थेला दोन कोटींहून जास्त डॉलर द्यावेत, असा निकाल या कंपनीविरुद्ध लागला होता.

ॲमवे १९९८ साली भारतात धंद्याला उतरली. ‘प्लॅन दाखवायला येतो’ हे वाक्य त्यानंतरच्या वर्षांत ऐकलं नसेल असं शहरी घर महाराष्ट्रात क्वचितच असेल. बैठकीच्या खोलीत पोहे-चहा, कागदावर वर्तुळं, अपलाइन, डाउनलाइन, आणि निघताना भावोजींच्या हातात एक पुस्तक. त्याच सुमाराला शिव खेरांचं ‘यू कॅन विन’ आलं. भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं अमेरिकन यशग्रंथ ओळीनं मराठीत आणले. मुंबईत फाउंटनच्या पदपथावर हिल, कार्नेगी, कियोसाकी एकाच ढिगात दिसू लागले. मराठी प्रकाशकांनीही या विभागाला दुकानात दर्शनी जागा दिली, आणि कवितेची कपाटं मागं गेली.

मग २००६ साल. या एका वर्षात तीन पुस्तकं आली. कियोसाकी आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी मिळून एक लिहिलं. ट्रम्प कुटुंब न्यूयॉर्कच्या ज्या चर्चमध्ये जाई तिथले पाद्री नॉर्मन व्हिन्सेंट पील. त्यांचं ‘द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग’ १९५२ सालचं, आणि १९७७ साली ट्रम्प यांचं पहिलं लग्न त्यांनीच लावलं. दुसरं पुस्तक ‘द सीक्रेट’. मेलबर्नच्या टीव्ही निर्मात्या रोंडा बर्न २००४ साली वडिलांच्या मृत्यूनं आणि धंद्यातल्या कर्जानं खचल्या होत्या, तेव्हा मुलीनं त्यांना एक जुनं पुस्तक दिलं. ते वॉटल्सचं होतं. समाजवादी वॉटल्स शंभर वर्षांनी कोट्यवधी प्रतींनी परतला, पण दुसऱ्याला जास्त द्या हे त्याचं पालुपद वाटेत बरंच फिकं झालं. दोनच वर्षांत अमेरिकेतल्या घरबाजाराचा फुगा फुटला. आशावादाच्या या सक्तीनं बँकवाल्यांचीही विवेकबुद्धी झाकोळली, असं बार्बरा एरेनराइक यांनी २००९ साली ‘ब्राइट-साइडेड’मध्ये लिहिलं.

तिसरं पुस्तक स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचं, ‘माइंडसेट’. आज मराठी भाषणांत आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणात हा शब्द ऊठसूट येतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे. बुद्धी घडवता येते असं मानणारी मुलं अपयशानंतर जास्त टिकून राहतात, हा त्यांचा मुद्दा. तो श्रीमंतीबद्दल नव्हता. दुकानदारांनी तो त्या कपाटात ठेवला. या परंपरेत प्रथमच कुणीतरी आपला दावा प्रयोगाला लावला. अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली ‘नेचर’मध्ये आले. एक तासाहूनही कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिल्यावर अभ्यासात मागे असलेल्या मुलांची सरासरी चार अंकांच्या श्रेणीत ०.१ नं वाढली. तीही मुख्यतः अशा शाळांत, जिथं वर्गातली इतर मुलंही अवघड गणित अंगावर घ्यायला तयार असत. जिथं तसं वातावरण नव्हतं तिथं मुलांनी पाठ तोच वाचला, पण गुणांत फारसा फरक पडला नाही.